दुसरा नमस्कार

नमस्कार कसा करायचा हे मला वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, क्वेकर्स हिलच्या माझ्याच घरात, माझ्याच लेकीकडून शिकावं लागलं. जन्म माझा पुण्यातला. मुंजीपासून आजवर किती पायांवर डोकं ठेवलं असेल त्याची गणती नाही. आणि ही सिडनीत जन्मलेली मुलगी, जिला दर दिवाळीला 'पाया पड' म्हणून तीनदा सांगावं लागतं, ती लाउंजमधलं कॉफी टेबल बाजूला सारून मला सांगत होती, "नो, बाबा. लेफ्ट हँड वर. राइट खाली. आता गुडघे. अगेन."

तिने लग्न ठरवलं होतं. मुलगा कोरियन, युनिव्हर्सिटीत तिच्या वर्गातला, आणि आता दोघंही फिजिओथेरपिस्ट. त्याचे आईवडील सिडनीतच, ईस्टवुडला राहतात. ते ऑस्ट्रेलियात बस्तान बसवत होते तेव्हा हा मुलगा आठ वर्षांचा होईपर्यंत कोरियात, आजोबांच्या गावी वाढला. त्यामुळे त्याचा एकच हट्ट होता. आजोबांनी हो म्हटलं की मगच तारीख धरायची. आजोबा नव्वदीला टेकलेले. भाताची शेती. गाव सोडून कुठे जात नाहीत, फोनवर दोन वाक्यांपलीकडे बोलत नाहीत. तेव्हा मुलगा, त्याची आई, माझी लेक आणि आम्ही नवराबायको, असं सगळ्यांनी ऑक्टोबरमध्ये गावी जाऊन त्यांना भेटायचं ठरलं.

मला कोणी विचारलं असतं, तर मी काय म्हटलं असतं ते मला माहीत नाही. मी हो म्हटलं नव्हतं आणि नाहीही म्हटलं नव्हतं. बायकोलासुद्धा ताकास तूर लागू दिली नव्हती. मुलात काही खोट नव्हती, तीच पंचाईत होती. घरी आला की न सांगता बूट काढायचा, जेवल्यावर ताट उचलायचा, मला 'अंकल' म्हणायचा आणि मग आम्ही दोघं टीव्हीकडे बघत बसायचो. मला भीती वाटायची. लेकीच्या घरी आपण पाहुणे होऊन जाऊ, नातवंडं आपल्याशी इंग्रजीत बोलतील आणि तिकडच्या, कोरियन आजीशी, कोरियनमध्ये. ही भीती मी कोणाला बोलून दाखवली नाही, कारण बोलून दाखवण्याइतकी ती शहाणी नव्हती.

त्यात सप्टेंबरमध्ये बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन लागलं. गुडघा बदलला. विमानप्रवास बंद. आमच्या घरात माणसं सांभाळायचं खातं तिचं आहे. मी कौन्सिलमध्ये, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, पाण्याच्या निचऱ्याचा इंजिनिअर. कुठे किती उतार द्यायचा, पाणी कुठून काढायचं, एवढंच मला कळतं. ती बरोबर असती तर हे सगळं घडलंच नसतं.

म्हणून लेकीने माझी शिकवणी लावली. गुडघे कसे टेकायचे, कपाळ हातांवर कसं आणायचं, उठताना कोणता पाय आधी. पुरुषाचा डावा हात वर. मी सगळं लक्ष हातांवर दिलं होतं. ती म्हणते की तिने मला तीनदा बजावलं होतं, "वन्स, बाबा. एकदाच." ते मला आठवतं. त्यापुढेही काही सांगितलं असं तिचं म्हणणं आहे. ते मात्र मला आठवत नाही.

सोलवरून वेगवान ट्रेनने दक्षिणेला आणि तिथून भाड्याच्या गाडीने तासभर, असे आम्ही गावात पोचलो. मी कोरियाबद्दल मनात मोबाइलचे कारखाने आणि उंच इमारती धरून गेलो होतो. समोर आलं ते पिवळंधमक भात, मध्ये चाळीसेक घरं आणि मागे टेकडी. रस्त्याच्या एका कडेला जाळ्या अंथरून लाल मिरच्या वाळत घातलेल्या. गावाच्या तोंडाशी एक भलंमोठं झाड, त्याच्या खाली बसायला चौथरा. म्हणजे पारच. परसात काळपट मडक्यांच्या रांगा, झाकणांसकट, आणि त्यांत वर्षावर्षाची मुरलेली सोयाबीनची चटणी. मला वाटलं, अरे, हे तर आपल्याला ठाऊक आहे. पण ओळखीचं वाटायचं आणि ओळख द्यायला गेलं की हात मागे घ्यावा लागायचा. चौथऱ्यावर मी पाय वर घेऊन बसलो तर बूट घालून वर बसतात का म्हणून एका म्हातारीने काठीने माझा बूट ठोकला. मडक्याचं झाकण उचलून वास घेतला तर मुलाच्या आईने ते माझ्या हातातून अलगद काढून घेऊन परत ठेवलं. पोरं कुठेच नव्हती. शाळा बंद पडलेली, पटांगणात कोणीतरी तीळ वाळत टाकलेले. सगळं गाव सत्तरीच्या पुढचं. चाकांच्या छोट्या गाड्या ढकलत आज्या फिरत होत्या आणि त्या गाड्यांत कोबीपासून खुरप्यापर्यंत सगळं होतं.

मी उतार बघत होतो, ती माझी सवय आहे. प्रत्येक वाफ्यातून पाणी खालच्या वाफ्यात असं उतरवलं होतं की मला कौन्सिलमधल्या आमच्या काही लोकांना इथे आणून उभं करावंसं वाटलं.

आजोबांची भेट दुसऱ्या दिवशी सकाळी ठरली होती. पहिल्या दिवशी ते शेतावर होते, आणि मुलाची आई म्हणाली की नमस्कार नीट, कपडे बदलून, बसवून करायचा असतो. आम्ही गावाच्या सभागृहात झोपलो, खालून ऊब असलेल्या जमिनीवर.

सकाळी बायकोचा फोन आला. गुडघा ठीक होता, शेजारीण डबा देऊन गेली होती. फोन ठेवता ठेवता ती म्हणाली, "अरे, माझाही नमस्कार कर हं त्यांना. नुसता तोंडी सांगू नकोस. कर."

ह्यात मला वावगं काही वाटलं नाही. आमच्या घरात ही रीतच होती. मी मावशीकडे निघालो की आई दारातून ओरडायची, "माझ्या वाटचाही कर रे." मग मी वाकायचो आणि म्हणायचो, हा माझा. पुन्हा वाकायचो, हा आईचा. मावशी दोन्ही वेळा पाठीवर हात ठेवायची. कोणी आजारी असलं, परगावी असलं, तरी त्याच्या वाटचा नमस्कार कोणीतरी पोचवायचाच. न पोचवणं म्हणजे ठेव गिळंकृत करण्यासारखं.

आजोबांच्या घरात पाचसहा माणसं जमली होती. शेजारच्या दोनतीन आज्या कौतुकाने येऊन भिंतीशी बसल्या होत्या. आजोबा फुलाफुलांच्या गादीवर मांडी घालून, केस पाण्याने चापून बसवलेले, चेहरा उन्हाने इतका रापलेला की टोपीच्या रेषेपर्यंत एक रंग आणि वर दुसरा. लेक आणि मुलगा जोडीने वाकले. एकदा. लेकीने ते अगदी नीट केलं. मग मुलाची आई. मग माझी पाळी.

डावा हात वर. गुडघे. कपाळ. जमीन इथेही गरम होती. उठलो, सांधे कडकडले, आज्या खुदकन हसल्या. झकास झाला होता. लेक माझ्याकडे बघून हसत होती. मग मी मनात म्हटलं, हा माझा. आणि पुन्हा हात जुळवून वाकलो. हा हिचा.

कपाळ जमिनीवर असतानाच मला कळलं की खोलीत काहीतरी बिनसलंय. कोणी श्वास आत ओढल्याचा आवाज झाला. वर बघितलं तर एका आजीने तोंडावर हात ठेवला होता. मुलाची आई पांढरी पडली होती. मुलगा अर्धा उठून तसाच राहिला होता. लेकीकडे मी बघितलं आणि लगेच नजर काढली. आजोबा तेवढे हलले नव्हते. ते माझ्याकडे टक लावून बघत होते. मग ते एक छोटंसं वाक्य बोलले. कोणीही त्याचं भाषांतर केलं नाही. ते उठले, दारात बसून रबरी बूट चढवले, टोपी घातली आणि शेताकडे चालू लागले.

लेकीने मला परसात, मडक्यांच्या रांगेपाशी गाठलं.

"यू डिड दॅट ऑन पर्पज."

"काय केलं मी?"

"टू इज फॉर डेड पीपल, बाबा! जिवंत माणसाला एक, मेलेल्याला दोन. आय टोल्ड यू!"

मी म्हटलं, "अगं, दुसरा आईचा होता."

"आई इज नॉट हिअर!"

"म्हणूनच तर."

तिला ते पटलं नाही. ती म्हणाली, "तुला हे लग्न नकोच आहे. तू कधी बोलला नाहीस, पण मला माहितीये. आणि आता त्यांनाही माहिती झालंय." आणि ती निघून गेली. मी मडक्यांसमोर उभा राहिलो. खरं सांगायचं तर मला धड राग येत नव्हता, धड लाजही वाटत नव्हती. माझं मलाच कळत नव्हतं. नव्वद वर्षांच्या माणसाला, त्याच्या घरी जाऊन, त्याच्या गादीसमोर मी मेलेला धरला होता. आणि त्याच्याच एका होकारावर माझ्या मुलीचं सगळं अडलेलं होतं.

तो दिवस कसा गेला ते विचारू नका. आजोबा जेवायला आले, पाठ फिरवून जेवले, गेले. मुलगा माझ्याशी नेहमीसारखाच अदबीने वागत होता आणि त्यामुळे मला जास्तच मेल्याहून मेल्यासारखं होत होतं. "नो वरीज, अंकल," असं तो दोनदा म्हणाला. दोन्ही वेळा त्याच्या चेहऱ्यावर वरीज दिसत होत्या. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्हाला परत निघायचं होतं.

सकाळी उजाडता उजाडता खांबावरच्या लाउडस्पीकरवरून कोणीतरी जोरजोरात बोलायला लागलं. मला वाटलं पूर आला किंवा युद्ध सुरू झालं. मी चपला शोधत बाहेर धावलो. एक आजी गाडी ढकलत शांतपणे चालली होती. मागाहून कळलं की गावचा मुख्य माणूस आज कापणीचं यंत्र कोणाच्या शेतात किती वाजता येणार ते सांगत होता. झोप उडालीच होती, म्हणून मी बांधावरून चालायला निघालो. लेक उठायच्या आत परत यायचं नव्हतं, हेही कारण होतं.

आजोबा त्यांच्या शेतात होते. कापणीच्या आधी वाफ्यातलं पाणी काढून टाकतात. त्यांच्या शेताचा एक कोपरा मात्र अजून ओला होता. यंत्र तिथे रुतलं असतं. ते फावड्याने बांधालगत एक चर खणत होते. मला बघून त्यांनी काही खूण केली नाही. मी लांब उभा राहिलो. पण चर चुकीच्या बाजूने चालला होता. पलीकडचा बांध खचून तिथला उतार उलटा झाला होता, ते मला तिथूनही दिसत होतं. असल्या वेळी तोंड बंद ठेवायची अक्कल देवाने मला दिलेली नाही.

"आजोबा, इकडून नाही," मी चक्क मराठीत म्हटलं. "तिकडून काढा."

त्यांनी मान वर केली. मी हाताने उतार दाखवला. त्यांनी फावड्याने दुसरीकडे दाखवलं आणि काहीतरी खडसावून बोलले. मी खाली बसून चिखलात बोटाने रेघ ओढली. त्यांनी ती बुटाने पुसली. मी पुन्हा ओढली. आमचं हे बराच वेळ चाललं. शेवटी त्यांनी फावडं माझ्या पायाशी टाकलं, म्हणजे, कर तू. मी चपला काढल्या, पँट वर केली आणि माझ्या रेघेवर खणायला लागलो. वीस वर्षांत मी हातात फावडं धरलं नव्हतं, दुसऱ्यांना धरायला लावलं होतं. दहाएक फूट खणल्यावर बांध फोडला. पाणी आधी थांबलं, जरासं गढूळलं आणि मग निघालं. आजोबा ते जाताना बघत राहिले. मग त्यांनी माझी बाही धरली आणि मला टेकडीकडे चालवलं.

चढावर पाइनची झाडं होती आणि मध्ये गवताचे दोन उंचवटे, नुकतंच गवत कापलेले. थडगी आहेत हे मला उशिरा कळलं. आजोबांनी एका उंचवट्याकडे बोट दाखवलं, मग स्वतःच्या छातीकडे, मग दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून दाखवली. त्यांची बायको. त्यांनी थडग्याकडे हात केला आणि दोन बोटं वर केली. मग स्वतःच्या छातीवर मूठ आपटली, जोरात, आणि एक बोट वर केलं. मी अजून मेलो नाही, हे ते कोणत्याही भाषेत इतक्या स्पष्टपणे सांगू शकले नसते.

मी दोन्ही कान धरले. मग घाईघाईने मोबाइल काढला आणि बायकोचा फोटो दाखवला. हाताशी होता तो हॉस्पिटलातला निघाला, पलंगावर पडलेली, पाय बांधलेला, डोळे मिटलेले. मी फोटोकडे बोट केलं आणि एक बोट वर केलं. माझ्याकडे केलं आणि एक बोट वर केलं. आजोबांचा चेहरा एकदम बदलला. त्यांनी टोपी काढून छातीशी धरली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"नाही, नाही!" मी ओरडलो. "जिवंत आहे! घरी आहे!"

करायला गेलो एक आणि झालं भलतंच. आता काय करावं? मी व्हिडिओ कॉल लावला. सिडनीत दहा वाजत आले असावेत. बायको किचनमध्ये, पाय स्टुलावर, हातात पोह्यांची बशी. "काय रे, इतक्या लवकर? तू चिखलात का आहेस?" मी काही न बोलता फोन आजोबांसमोर धरला. तिने बशी ठेवली, पदर नव्हता तरी खांद्यावरून हात फिरवला, हात जोडले आणि मान खाली लववून मोठ्याने म्हणाली, "नमस्कार, आजोबा!"

एकदाच.

आजोबांनी फोनकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. त्यांनी माझ्या छातीला बोट लावलं, एक. फोनच्या काचेला बोट लावलं, एक. मग ते हसायला लागले. खालचे दात त्यांनी अजून बसवले नव्हते. हसता हसता ते गवतात बसले, टोपी मांडीवर आपटत हसले, आणि मग त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला, उठले, आणि तो त्यांच्या बायकोच्या थडग्यासमोर धरून काहीतरी बोलले. थोडं लांबलचक बोलले.

"काय दाखवतोयस रे?" फोनमधून बायको विचारत होती. "नुसतं गवत दिसतंय."

"त्यांच्या मिसेस," मी म्हटलं.

मग काचेवर मला तिचे हात पुन्हा जोडलेले दिसले.

न्याहारीला आजोबांनी ही सगळी हकिकत सांगितली, चर कोणी चुकवला होता तेवढं सोडून. मुलगा भाषांतर करत होता. मुलाची आई तोंडावर हात ठेवून इतकी हसली की तिला बाहेर जावं लागलं. माझी लेक ताटाकडे बघत होती. मी मुलाला हळूच विचारलं, काल नमस्कारानंतर आजोबा काय म्हणाले होते? तो आधी लाजला. मग म्हणाला, "ही सेड, 'इतकी कसली घाई आहे ह्याला?'"

निघताना मुलाने आजोबांना लग्नाबद्दल विचारलंच नाही. त्याचा धीर होत नव्हता. आजोबा गाडीशी आले, माझ्या लेकीच्या हातात पर्सिमनची पिशवी दिली, टोमॅटोसारखी केशरी फळं, पानांसकट. मग ते नातवाला काहीतरी म्हणाले आणि वळून चालू लागले, कारण यंत्र यायची वेळ झाली होती. मुलगा रडत होता. मी घाबरलो. लेकीने विचारलं, काय म्हणाले? तो म्हणाला, "ते म्हणाले, लग्न कापणीत ठेवू नका. लावणीतही नको."

ट्रेनमध्ये लेक माझ्या शेजारी बसली. म्हणाली, "आईने सांगितलंय हे तू मला आधी का नाही सांगितलंस?"

"सांगितलं की."

"नंतर सांगितलंस."

ते खरं होतं. आणि आणखी एक खरं होतं, जे मी तिला अजून सांगितलेलं नाही. दुसऱ्यांदा वाकायला मी हात जुळवले, तेव्हा मुलाचा हात मला दिसला होता. तो मला थांबवायला पुढे आला होता. मला तो दिसला आणि तरी मी वाकलो. बायकोचा शब्द पाळायचा म्हणून वाकलो, की काहीतरी मोडतंय तर मोडू दे म्हणून वाकलो? चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते हेच असेल. पण मी चोर होतो का, हेच मला आजपर्यंत कळलेलं नाही. मी पुष्कळदा त्या गरम जमिनीवर मनाने परत जातो आणि तो हात दिसतो तिथपर्यंत येऊन अडकतो.

लग्न एप्रिलमध्ये झालं, लावणीच्या आधी. आजोबा आले नाहीत. त्यांनी ते फोनवर बघितलं आणि मध्येच झोपले. पुढच्या जानेवारीत, तिकडे बर्फ असताना, ते गेले. मुलगा आणि त्याचे आईवडील धावतपळत गेले. आम्ही जाऊ शकलो नाही. इकडे नोकऱ्या, तिकडे तिकिटं, नेहमीचंच.

वर्षश्राद्ध मुलाच्या आईने ईस्टवुडच्या घरी केलं. ती त्याला वर्षश्राद्ध म्हणत नाही, पण मी म्हणतो. खरं तर ते रात्री करायचं असतं, पण सगळ्यांना सोमवारी काम, म्हणून रविवारी दुपारी, इथल्या भाषेत आर्वोला. बाहेर चाळीस डिग्री. खोलीत एसी, आणि जमिनीवरच्या टाइल्स थंडगार. लांब टेबलावर आजोबांचा फोटो. त्यात टोपी नव्हती, त्यामुळे कपाळाचे दोन रंग स्पष्ट दिसत होते. समोर भात, मासे, वरून सोललेली सफरचंदं. मुलाच्या आईने मला आधीच समजावून सांगितलं होतं की आता दोन. मग ती म्हणाली की जुन्या पद्धतीत बायकांचे चार असायचे, पण हल्ली सगळेच दोन करतात. हे तिने मला सांगायला नको होतं.

बायको डायनिंगच्या खुर्चीवर बसली होती. तो गुडघा आता जमिनीला टेकत नाही. माझी पाळी आली तेव्हा ती मागून हळूच म्हणाली, "अरे, माझेही कर."

मी वाकलो. उठलो. पुन्हा वाकलो, उठलो. माझे झाले. आणि मी तिथेच उभा राहिलो. हिचे आता दोन, की चार? दोन केले तर एकूण चार होतात, आणि चार म्हणजे बायकांचे, मग माझे कुठे गेले? आणि दुसऱ्याच्या वाटचे इथे चालतात का, की त्यालाही काही वेगळा अर्थ असतो? मी जावयाच्या हाताकडे बघितलं. तो हलला नाही. मुलाची आई खाली बघत होती. मी बायकोकडे वळलो तर तिने फक्त मान हलवली, कर म्हणून. एकसष्ट उलटून गेलेला माणूस, खोलीच्या मधोमध हात जुळवून उभा, आणि फोटोतले आजोबा माझ्याकडे तसेच टक लावून बघत होते. मला रडू येत होतं आणि मोजता येत नव्हतं.

मागून लेक आली. तिने माझ्या पाठीवर हात ठेवला, माझी मावशी ठेवायची तिथेच.

"तू बस, बाबा," ती म्हणाली. "आईचे मी करते."

मी बाजूला झालो. ती वाकली, कपाळ त्या थंड टाइल्सवर टेकलं, उठली आणि पुन्हा वाकली. तिने किती केले ते मी मोजले नाहीत.